इंटर्नशिपला मुंबईत आलाय? पास शेवटच्या स्टेशनपर्यंतचा काढा

मे महिना आला की गावाकडची कॉलेजची पोरंपोरी मेसेज करतात, ताई मुंबईत इंटर्नशिप लागली, दोन महिन्यांत काय काय बघू? आणि बहुतेकांकडे "मुंबईतली २५ ठिकाणं" छाप यादी आधीच असते, सगळी ठिकाणं शनिवार-रविवारात कोंबलेली. अशी यादी करणारा माणूस बहुतेक हॉटेलात उतरून टॅक्सीने फिरलेला असतो. सोमवार ते शुक्रवार लोकलला लटकलात की रविवारी अंथरुणातून उठवत नाही. मुंबई बघायची ती आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी. कशी, ते सांगते.

राहण्याचं थोडक्यात. डिपॉझिट, ब्रोकरेज, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट हे सगळं दोन महिन्यांसाठी परवडत नाही, पीजी नाहीतर शेअरिंग बघा. खोली ऑफिसपासून किती किलोमीटरवर आहे याला काही अर्थ नाही, कुठल्या लाइनवर आहे ते बघा. ऑफिस लोअर परळला असेल तर वेस्टर्न चालेल आणि सेंट्रलही, कारण सेंट्रलच्या करी रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. अंधेरीला असेल तर घाटकोपरवरून मेट्रो आहे. पण रोज दादरला पूल चढून गाडी बदलायची असेल तर भाडं कमी असलं तरी ती खोली सोडा.

स्टायपेंड किती, सुट्टी किती, सर्टिफिकेट कधी, हे पहिल्या आठवड्यातच ईमेलवर लिहून घ्या. पुढे.

आता लोकलचा पास. सगळे पास ऑफिसच्या स्टेशनपर्यंत काढतात आणि इथेच गंडतात. ठाण्याला राहता, ऑफिस करी रोडला, तर पास ठाणे ते करी रोड नाही, ठाणे ते सीएसएमटी काढायचा. वेस्टर्नवाल्यांनी चर्चगेटपर्यंत. पैशात फार फरक पडत नाही आणि मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरा, परत चढा, कितीही वेळा, वेगळं तिकीट लागत नाही. म्हणजे भायखळा, दादर, मशीद बंदर सगळं पासातच आलं. आणि हद्दीच्या पुढे एक स्टेशन जरी गेलात तरी टीसी २५० रुपये दंड आणि वर भाडं घेतो, "मॅडम मी इंटर्न आहे" याचा काही उपयोग होत नाही.

आता खरी अडचण संध्याकाळची. माझं पहिल्या इंटर्नशिपला इथेच अडलं होतं. ऑफिस सहाला सुटायचं, मी सगळ्यांबरोबर धावत स्टेशनवर, लेडीज डब्यात दोन पायांवर उभं राहायला जागा नाही, रूमवर पोचेपर्यंत जीव जायचा आणि मग कसली संस्कृती आणि कसलं काय, मॅगी खाऊन झोप. लोक सल्ला देतात की "मग ऑफिसमध्येच थांब, गर्दी ओसरली की निघ." अजिबात थांबू नका. थांबलात की कोणीतरी एक्सेल शीट हातात देतो.

करायचं ते उलटं. संध्याकाळी सहाला अख्खी मुंबई उत्तरेला जात असते, तेव्हा तुम्ही दक्षिणेला जा. त्या दिशेच्या गाडीत हवा खेळती असते, बसायलाही मिळतं. बीकेसीवाल्यांनी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) वांद्र्याला येऊन चर्चगेट स्लो पकडा (भुयारी मेट्रो थेट जाते, पण तिचं तिकीट वेगळं). तिकडे दोन-अडीच तास घालवा आणि नऊनंतर परत फिरा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे त्या वेळी बहुतेक सीट मिळते. म्हणजे ज्या वेळात तुम्ही डब्यात चेंगरला असता त्याच वेळात शहर बघून होतं.

चर्चगेटला उतरलात तर पहिल्या संध्याकाळी फक्त ओव्हल मैदानात जा. मधोमध उभं राहिलं की एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ चे, दगडी गॉथिक, आणि समोरच्या बाजूला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको बिल्डिंगांची रांग, गोलाकार बाल्कन्या वगैरे. २०१८ मध्ये युनेस्कोने हे सगळं मिळून जागतिक वारसा म्हणून घेतलं आणि बघायला एक पैसा लागत नाही. सीएसएमटीकडून गेलात तर हुतात्मा चौकावरून चालत काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी सातला बंद होते, प्रवेश फुकट आहे, ऑफिस साडेपाचला सुटत असेल तरच धावा. नाहीतर एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांसमोर वडापाव खा.

एका संध्याकाळी एकच ठिकाण. दोन केलीत की परत दमणूक सुरू.

आणि परतताना एक लक्षात ठेवा, ठाण्याला उतरायचं असेल तर कर्जत-कसारा फास्टमध्ये चढू नका, बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये नाही. गाडी तिथे थांबते हो, पण दारातले तुम्हाला उतरू देतील याची गॅरंटी नाही. रात्री उशीर होणार असेल तर शेवटच्या गाडीची वेळ एम-इंडिकेटर ॲपवर आधीच बघून ठेवा.

नाटकासाठी वेगळी संध्याकाळ काढा. दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह स्टेशनच्या जवळ आहे आणि वाटेतच येतं, माटुंग्याला यशवंत, ठाण्याला गडकरी. जुहूच्या पृथ्वी थिएटरला जाणार असाल तर वेळेआधी पोचा, उशिरा आलेल्यांना आत घेत नाहीत, ट्रॅफिकची कारणं तिथे चालत नाहीत. बाकी नाट्यगृहांत मागच्या रांगेचं स्वस्त तिकीट काढा, आवाज येतो.

म्युझियमं शनिवारी, कारण ती सहाच्या आसपास बंद होतात. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड बुधवारी बंद, घारापुरी सोमवारी बंद. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा वळवलेल्या, सेंट्रलवर साधारण अकरा ते चार, फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर वळवतात आणि सगळं लेट. जायचंच असेल तर दहाच्या आत पोचा, नाहीतर रविवारी कपडे धुवा.