युद्धकाळात मिशनरीने आपला दिवस कसा लावावा

घरापासून दूर सेवेवर असलेल्या तरुण मॉर्मन (अमेरिकेत उगम पावलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या) मिशनरीने युद्धाची चाहूल लागली तरी आपली दिनचर्या मोडू नये, कारण पहाटेची प्रार्थना आणि धर्मग्रंथाचे वाचन यांनीच मन थाऱ्यावर राहते. जोडीने सेवा करणाऱ्या सोबत्याला सोडून कुठेही जाऊ नये.

पासपोर्ट, औषधे आणि रोकड एका लहान पिशवीत भरून ती उशाशी ठेवावी. रोकडीविषयी मी आग्रहाने सांगतो: २४ ऑगस्ट १९३९ रोजी मॉर्मन चर्चच्या नेतृत्वाने जर्मनीतील मिशनऱ्यांना देश सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा देशाबाहेर जेमतेम १० मार्क नेता येत होते, आणि नेदरलँड्सने सीमा बंद केल्यामुळे हाती तिथले तिकीट असूनही कित्येक तरुण दुसऱ्या तिकिटाच्या पैशांअभावी रेल्वे स्थानकांवर अडकून पडले.

आठवड्यातून एकदा घरी बोलताना आईपासून भीती लपवू नये. मात्र प्रवासाचा मार्ग किंवा सैन्याच्या हालचाली यांचा उल्लेख टाळावा. ज्या घरातला मुलगा आघाडीवर गेला आहे, तिथे उपदेश बाजूला ठेवून आधी पाण्याच्या बादल्या भरून द्याव्यात आणि त्या माउलीचे बोलणे ऐकून घ्यावे. मिशन अध्यक्षांचा, म्हणजे त्या भागातील मिशनऱ्यांच्या प्रमुखांचा, निरोप येताच मात्र निरोपाच्या भेटींसाठी न रेंगाळता निघावे.