चकचकीत मस्टँग आणि इतर पापं: लढाऊ विमानांची मॉडेल्स बनवताना या चुका टाळा

नवा मॉडेलर आपलं विमान पुढे करतो आणि विचारतो, "कसं झालंय?" रंग झकास असतो, शिवण नीट भरलेली असते, आणि तरीही ते विमान त्या विमानासारखं दिसत नाही. कुठे बिनसलंय ते सांगायला तोंड उघडावं, तर गेल्या खेपेला दुसऱ्या कुणाला सांगितलं तेच शब्द ओठांवर येतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय. दोन तर अशा आहेत की आठवल्या की अजून मान खाली जाते.

आजचं विमान बघून युद्धातलं विमान बनवणं

ही चूक मी फार मेहनतीने केली होती. विमान होतं 1/48 प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, पी-51डी मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान. संदर्भ म्हणून माझ्याकडे आज उडणाऱ्या, आरशासारख्या घासलेल्या मस्टँगचे ढीगभर फोटो होते. त्यांत पंखावरचा रिव्हेट न् रिव्हेट मोजता येत होता. किटमधल्या, म्हणजे डब्यातून आलेल्या प्लास्टिकच्या पंखावर मात्र रिव्हेट जवळजवळ नव्हतेच. मला वाटलं, साचा करणाऱ्याने आळस केला. मग तीन आठवडे रोज संध्याकाळी पट्टी धरून, दातेरी चाक फिरवून मी दोन्ही पंखांवर रिव्हेटच्या ओळी पाडल्या. वर धातूचा रंग, प्रत्येक पत्र्याची वेगळी छटा. धडावर 1944 च्या उन्हाळ्यातल्या एका विमानाची अक्षरं आणि नॉर्मंडीच्या स्वारीचे काळे-पांढरे पट्टे.

प्रदर्शनात एक जुने जाणते गृहस्थ टेबलापाशी थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाचेक मिनिटं पंख न्याहाळला.

"हात चांगला आहे रे तुझा."

मी फुललो.

"पण हे पंख कुणाचे?"

"मस्टँगचे, काका."

"आत्ताच्या मस्टँगचे. तेव्हा कारखान्यात पुट्टी भरायचे त्यावर."

आणि खरंच भरायचे. मस्टँगच्या पंखाचा छेदच असा आखला होता की पुढच्या भागावरून हवा थर न मोडता सरकत जावी. रिव्हेटचं डोकं किंवा पत्र्याचा सांधा, एवढ्याशानेही तो थर विस्कटतो. म्हणून पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट पुट्टीने बुजवत, घासत आणि वर चंदेरी रंग मारत. बंदुकांच्या कप्प्यांच्या झाकणांसारख्या रेषा तेवढ्या दिसत राहायच्या. म्हणजे धड उघड्या ॲल्युमिनियमचं आणि पंख रंगवलेला, जरा मंद, सपाट. युद्धकाळातल्या फोटोत हा फरक नीट कळतो. मी तसा एकही फोटो बघितला नव्हता. साचा करणाऱ्याने बघितला होता, आणि त्याच्या बरोबर कामावर मी तीन आठवडे भोकं पाडत बसलो होतो.

नव्याने दुरुस्त केलेली विमानं देखणी असतात, पण साक्षीदार म्हणून कच्ची. बऱ्याच मस्टँगमध्ये पायलटच्या मागे जिथे 85 गॅलनची टाकी असायची तिथे आता दुसरी खुर्ची आहे. टायर आजचे, रेडिओ आजचे, रंगाची चकाकी आजची. कॉकपिटचा ढाचा, चाकाच्या खाचेतल्या नळ्या असल्या गोष्टींसाठी ती जरूर बघावीत. पृष्ठभागासाठी नकोत.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. जे विमान करायचं, त्याच नंबराच्या विमानाचा त्या काळातला एक तरी फोटो हाती लागल्याशिवाय मी भाग कापायचा निप्पर बाहेर काढत नाही. डबा उघडतो, भाग बघतो, वास घेतो, परत बंद करतो. उतावळ्यांना हे जमत नाही. डबा घरी आला त्याच रात्री त्यांचं कॉकपिट रंगून तयार असतं आणि दुसऱ्या दिवशी ते विचारतात, "या विमानाला शेपटीपुढची, पाठीवरची ती छोटी कल्ल्यासारखी पट्टी होती का?" पी-51डीच्या सुरुवातीच्या विमानांना नव्हती, नंतरच्यांना आली. अक्षर एकच, विमान वेगळं. हा प्रश्न धड चिकटवण्याआधी विचारायचा असतो.

ब्रिटिश स्पिटफायरचंही तेच. त्याच्या आवृत्त्यांना मार्क म्हणतात. मार्क 5 च्या एका पंखाखाली चौकोनी रेडिएटर आणि दुसऱ्याखाली छोटा ऑइल कूलर. मार्क 9 ला दोन्हीकडे सारखी खोकी, चार पात्यांचा प्रोपेलर आणि नाकाच्या प्रत्येक बाजूला सहा धुराडी. तरी मार्क 5 च्या किटवर मार्क 9 चे डिकल, म्हणजे खुणा-अक्षरांची पाण्यात भिजवून लावायची चित्रं, चिकटवून "जवळपास सारखंच दिसतं" म्हणणारे भेटतात. दिसत नाही.

पट्टी हातात धरा

1/72 हे प्रमाण एक इंच बरोबर सहा फूट या हिशेबातून आलं आणि 1/48 पाव इंच बरोबर एक फूट यातून. आकडे सोपे आहेत, पण गुणाकार कुणी करत नाही. 1/72 मध्ये 0.3 मिलिमीटर रुंदीची पॅनेल लाइन (दोन पत्र्यांमधली रेष) म्हणजे खऱ्या विमानावर 21.6 मिलिमीटरची फट. अंगठा जाईल त्यात. वर त्या फटीत काळा कुळकुळीत वॉश (रेषांत भरायचा पातळ रंग) ओतला की विमान पत्र्याचं न वाटता विटांचं वाटतं. मी वॉशसाठी शुद्ध काळा वापरतच नाही. मूळ रंगापेक्षा दोन छटा गडद, करड्याकडे किंवा तपकिरीकडे झुकणारा, आणि तोही जिथे खरोखर उघडझाप होते तिथे: शेपटीवरचे हलणारे एलेव्हेटर, पंखांवरचे एलेरॉन, इंजिनाची झाकणं. बाकीच्या रेषा पेन्सिलीने कुजबुजल्यासारख्या.

पंखाची मागची कडा हा असाच दुर्लक्षित भाग. किटमध्ये ती पाऊण मिलिमीटर जाड असेल तर 1/72 च्या हिशेबाने खऱ्या विमानाला पाच सेंटिमीटरहून जाड कडा लावल्यासारखं झालं. दोन्ही अर्ध्या भागांना चिकटवण्यापूर्वी आतून घासा. चिकटवल्यावर बाहेरून घासाल तर वरचं कोरीवकाम पुसून जाईल.

स्वारीचे पट्टे एका इंजिनच्या विमानांवर 18 इंच रुंद होते, दोन इंजिनच्या विमानांवर 24. 1/48 मध्ये 18 इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. तेवढेच घ्या. आणि ते 6 जून 1944 च्या अगदी तोंडावर, घाईघाईत, कित्येक ठिकाणी चक्क ब्रशने मारलेले होते. ब्लेडने कापल्यासारख्या धारदार कडा करून त्यावर गर्व करू नये, आधी आपल्या विमानाचा फोटो बघावा.

रंगांच्या नंबरांवरून भांडणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो: दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाला अमेरिकन फेडरल स्टँडर्डचा नंबर सांगता तेव्हा तो "जवळचा रंग" असतो. ते रंगपत्रक 1956 चं आहे. डबीवरच्या नंबरासाठी मैत्री तोडू नका.

शिवणीची घाई

विरघळवणारा गोंद प्लास्टिक चिकटवत नाही, वितळवून एकजीव करतो. वरून ते तासाभरात टणक लागतं, आत मऊच असतं. तुम्ही लगेच घासता, शिवण गुळगुळीत होते, प्रायमर मारता, सुंदर दिसतं. पंधरा दिवसांनी उजेडात धरलं की पाठीवरून तीच रेष परत उमटलेली, कारण आतलं प्लास्टिक सुकताना बसलं. याला पुट्टी जबाबदार नाही, प्रायमरही नाही. जबाबदार तुमचे शिवशिवणारे हात.

मी धड जोडलं की त्यावर तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावतो आणि आठवडाभर नजरेआड ठेवतो. तेवढ्यात चाकं, प्रोपेलर, बॉम्ब करून होतात. आठवडा खरंच लागतो का? दोन-तीन दिवसांतही भागत असेल. पण आठवडा ठरवला की मी दोन दिवसांवर घासाघीस करत बसत नाही.

आता काही भराभर:

भाग रंगवण्याआधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. साच्याचं तेल असतं, रंग टेपबरोबर सोलून येतो.

कॅनॉपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, सुपरग्लू लावू नका. त्याची वाफ काचेवर पांढरं धुकं धरते. बंद धडात आतून लावला तरी धरते. पांढरा गोंद पुरतो.

डिकल मॅट रंगावर बसवलं की खाली हवा अडकून चंदेरी चकाकतं. आधी ग्लॉस, मग डिकल. मऊ करणारं द्रावण लावल्यावर ते सुरकुततं. तेव्हा हात लावू नका, चहा प्यायला जा.

मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचा प्रोपेलर पायलटच्या जागेवरून घड्याळाच्या दिशेने फिरतो, ग्रिफन इंजिनवाल्याचा उलट. पाती उलटी बसवलेलं विमान मागे उडेल.

जमिनीवर उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप (उतरताना खाली करायच्या पंखाच्या झडपा) खाली ठेवू नका. उतरल्यावर पायलट ते वर घ्यायचे. मस्टँगचे मात्र हायड्रॉलिक दाब ओसरला की हळूहळू लोंबतात, चाकांच्या आतल्या झाकणांसकट.

स्पिटफायरचे पंख आडवे नसतात, सहा अंश वर उचललेले असतात. पुठ्ठ्याचा सांगाडा कापा आणि गोंद सुकेपर्यंत त्यावर ठेवा. डोळ्याच्या अंदाजाने जमतं असं म्हणणाऱ्यांची मॉडेल्स मी समोरून बघितली आहेत.

नाकातलं वजन, आणि ते कशाने चिकटवलं

नाकाखाली चाक असलेलं विमान मॉडेलमध्ये हटकून शेपटीवर बसतं. खऱ्या विमानाच्या नाकात तोफा, उपकरणं असतात, आपल्या नाकात हवा. मी मेसरश्मिट मी 262 (Me 262) हे जर्मन जेट करत होतो. नाकात थोडे शिशाचे छर्रे टाकले, "पुरेल" म्हणालो, धड बंद केलं, रंगवलं, चाकांवर ठेवलं. ते सावकाश मागे कललं आणि शेपटीवर बसलं. गंमत म्हणजे मी 262 च्या पहिल्या नमुन्यांना खरोखरच शेपटीखाली चाक होतं. 18 जुलै 1942 ला निव्वळ जेटवर पहिलं उड्डाण झालं तेव्हा पायलटला धावपट्टीवर ब्रेक हलके दाबून शेपूट उचलावी लागली होती. पण मी करत होतो ते नंतरचं विमान होतं, आणि माझ्या मॉडेलला ब्रेक नव्हते.

मग मी नाकाखालच्या चाकाच्या खाचेतून आणखी छर्रे कोंबले आणि वरून भरपूर पांढरा गोंद ओतला. विमान तीन चाकांवर उभं राहिलं. मी खूश.

काही वर्षांनी कपाट साफ करताना बघतो तर नाकाची शिवण उकललेली, आतून पांढरी भुकटी बाहेर येतेय. आधी वाटलं बुरशी. पांढऱ्या गोंदातून ॲसिटिक आम्ल सुटतं, ते आणि हवा मिळून शिशाचं हळूहळू कार्बोनेट करतात. ते मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेतं आणि फुगत फुगत प्लास्टिक फाडतं. जहाजांची आणि रेल्वेची मॉडेल्स करणाऱ्यांना हे जुनंच ठाऊक आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

आता माझ्याकडे शिसं नसतंच. बेअरिंगचे पोलादी गोळे, दोन भागांच्या इपॉक्सीत बुडवलेले. धड आणि पंख चिकटपट्टीने तात्पुरते जोडतो, मागच्या चाकांच्या जागी खाली पेन्सिल आडवी ठेवतो आणि नाक खाली येईपर्यंत गोळे टाकत जातो. आलं की आणखी पावपट. कारण शेपटीला पुट्टी लागणार, रंगाचे थर चढणार, आणि ते वजन मागेच जातं. जितकं पुढे टाकाल तितकं कमी लागतं. मी 262 मध्ये इंजिनांच्या तोंडाशीही जागा मिळते. मात्र फार भरलंत तर प्लास्टिकचे पाय महिन्याभरात फाकतात, तेव्हा मोठ्या विमानांना धातूचे पाय घ्या.

त्या 262 चं नाक मी खरवडून पुन्हा भरलं. डागडुजी दिवसा दिसत नाही, दिवा तिरका पडला की दिसते.

राहिली पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजणारी बारीक नळी. ती सगळ्यात शेवटी, वार्निश सुकल्यावर, शेल्फवर जागा केल्यावर लावायची. मिग-21 च्या नाकापुढे ती भाल्यासारखी लांब असते आणि बाही, फडकं, टेप, कशातही अडकते. प्लास्टिकच्या इतक्या मोडल्या की आता मी इंजेक्शनच्या सुईची करतो. ती मोडत नाही. बोटात जाते.