जीडीसीच्या रजिस्टरवर नाव टिकवायचं असेल तर: सीपीडीची तयारी

ओआरई (परदेशात शिकलेल्या डेंटिस्टसाठीची ब्रिटनची परीक्षा) पार करून ब्रिटनच्या रजिस्टरवर नाव चढलं की जनरल डेंटल कौन्सिल (जीडीसी) दर पाच वर्षांच्या सायकलमध्ये डेंटिस्टकडून किमान १०० तास व्हेरिफायेबल सीपीडी, म्हणजे कागदोपत्री पुरावा असलेलं नोकरीतलं सततचं शिक्षण, मागते. थेरपिस्ट आणि हायजिनिस्टना ७५, नर्सना ५०. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. विसरला जातो तो दुसरा नियम: लागोपाठच्या कोणत्याही दोन वर्षांत मिळून किमान १० तास. हा सगळ्यांना सारखाच.

उदाहरण घ्या. २०२१ मध्ये ४५ तास, २०२२ मध्ये ४०, २०२३ मध्ये २०, २०२४ मध्ये शून्य, २०२५ मध्ये ६. बेरीज १११. तरीही नियम मोडला, कारण २०२४ आणि २०२५ मिळून फक्त ६. शंभरी भरली म्हणून निर्धास्त झालेले नेमके इथेच अडकतात. एखादं वर्ष कोरडं गेलेलं चालतं, पण मग त्याच्या आधीच्या वर्षातही १० हवेत आणि नंतरच्या वर्षातही १० हवेत.

आणि सायकल बदलली म्हणून हा हिशोब थांबत नाही. जुन्या सायकलचं शेवटचं वर्ष आणि नव्या सायकलचं पहिलं वर्ष हीसुद्धा लागोपाठचीच. उरलेले जादा तास नव्या शंभरात धरत नाहीत, पण दहाच्या हिशोबात ते मागचं वर्ष मोजलं जातं. म्हणून वहीत पाच रकाने आखू नका, सहा आखा: पहिला मागच्या सायकलच्या शेवटच्या वर्षाचा. दर ऑक्टोबरला चालू वर्ष अधिक मागचं वर्ष अशी बेरीज करा. ऑक्टोबरमध्ये कमी दिसलं तर भरून काढायला वेळ असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळलं तर मिळेल तो कोर्स गळ्यात पडतो, आणि तास तर तुमच्या कामाच्या क्षेत्राशी संबंधित असावे लागतात.

डेंटिस्टची सायकल नोंदणीनंतरच्या पहिल्या १ जानेवारीला सुरू होते. त्याआधी केलेले कोर्स त्यात धरू नका.

बाळंतपणाची रजा, आजारपण, वर्षभर पुण्यात आईवडिलांकडे राहणं: कशानेही तास माफ होत नाहीत. नाव रजिस्टरवर आहे तोवर तास भरायचेच. लांब सुट्टी ठरली की तिकिटाआधी दहाची बेरीज करा. सुट्टीचं वर्ष रिकामं जाणार असेल तर आदल्या वर्षीच १० पूर्ण करा.

सर्टिफिकेट हातात आलं की तिथेच वाचा. विषय, उद्दिष्टं, डेव्हलपमेंट आउटकम (कोर्समधून काय साधायचं याचे जीडीसीने ठरवलेले ए ते डी हे गट), तारीख, तास, तुमचं नाव आणि जीडीसी नंबर, गुणवत्ता तपासल्याचा उल्लेख आणि ती कुणी तपासली ते, शिवाय माहिती पूर्ण व अचूक असल्याचा आयोजकांचा निर्वाळा. यातलं काहीही गळलं तर ते तास व्हेरिफायेबल राहत नाहीत. मुंबईतल्या कॉन्फरन्सचे तास चालतात, देशाची अट नाही. पण भारतातल्या सर्टिफिकेटवर अनेकदा क्रेडिट पॉइंट असतात, आणि पॉइंट म्हणजे तास नव्हेत. जीडीसी नंबर तर तिथे कुणी आपणहून घालणार नाही. आयोजकांना आधीच मजकूर पाठवा आणि सर्टिफिकेटवर तसंच लिहून घ्या. सहा महिन्यांनी ईमेल करून दुरुस्ती मिळवणं फार कठीण जातं.

पर्सनल डेव्हलपमेंट प्लॅन सायकलच्या सुरुवातीलाच लिहा: काय शिकणार, कोणत्या मुदतीत, त्यातून ए ते डी यांपैकी कोणता आउटकम साधणार. लॉगमध्ये प्रत्येक कोर्सची तारीख, तास, आउटकम आणि रिफ्लेक्शन. रिफ्लेक्शन त्याच आठवड्यात लिहा, दोनतीन वाक्यं पुरतात, पण त्या कोर्सनंतर तुमच्या कामात काय बदललं ते त्यात यायला हवं. ‘कोर्स उपयुक्त होता’ याला रिफ्लेक्शन म्हणत नाहीत.

विषयांची सक्ती नाही, शिफारस मात्र ठाम आहे: मेडिकल इमर्जन्सीचे सायकलमध्ये १० तास, त्यातले दर वर्षी किमान २, डिसइन्फेक्शन आणि डीकंटॅमिनेशनचे ५, रेडिओग्राफीचे ५. इमर्जन्सीचं ट्रेनिंग दर वर्षी होतंच, म्हणून वर्ष भरलं असं वाटतं. दोन वर्षांचे दोन अधिक दोन म्हणजे चार. दहा नव्हेत.

डेंटिस्टचं वार्षिक स्टेटमेंट (वर्षभरातल्या तासांचं निवेदन) ईजीडीसीवर, म्हणजे जीडीसीच्या ऑनलाइन खात्यावर, २८ जानेवारीपर्यंत. शून्य तास असले तरी भरायचं. फी वेगळी, डेंटिस्टसाठी ३१ डिसेंबर. इन्डेम्निटीचं (रुग्णांच्या दाव्यांसाठीच्या संरक्षणाचं) डिक्लरेशन फीबरोबर. फी भरली म्हणजे स्टेटमेंट झालं असं नाही, आणि स्टेटमेंट झालं म्हणजे दहाचा नियम पाळला गेला असंही नाही.

तास कमी पडत असतील तर ५६ दिवसांची सवलत आहे, पण ती सायकल संपण्याआधीच मागायची. त्या दिवसांतले तास जुन्याच सायकलला लागतात.

कागदपत्रं सायकल संपल्यावर आणखी पाच वर्षं ठेवा. स्कॅन करा, वर्षवार फोल्डर, आणि एक प्रत क्लिनिकच्या कॉम्प्युटरबाहेर.