पत्रिकेच्या पाकिटावरचा पत्ता: छापावा की हाताने लिहावा

लग्नपत्रिकेच्या पाकिटांवरचे पत्ते छापायचे की हाताने लिहायचे, हे घरात अक्षर कोणाचे चांगले आहे यावर ठरवू नये. कोणते पाकीट कोणत्या वाटेने पोहोचणार आहे, ते आधी ठरवावे. भावकी, सोयरे आणि गावातले मानकरी यांच्या पत्रिका मराठवाड्यात आजही कोणीतरी घरी नेऊन देते. त्या पाकिटांवर नाव आणि गाव एवढे पुरते, आणि ते हातानेच लिहावे. नोकरीनिमित्त पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेलेल्यांच्या, कार्यालयातल्या आणि जुन्या शेजाऱ्यांच्या पत्रिका पोस्टाने जातात. त्यांना पिनकोडासह पूर्ण पत्ता लागतो, आणि तो छापलेलाच बरा. मात्र एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाला हाताने लिहिलेले आणि दुसऱ्याला लेबल चिकटवलेले पाकीट कधीही देऊ नये. लग्नघरात ज्याला कोणी महत्त्व देत नाही, असा हा फरक त्या वाड्यात वर्षानुवर्षे बोलला जातो.

आता यादी. घरात आधी झालेल्या लग्नाची यादी वहीत किंवा संगणकात तयार असते, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. ती यादी छपाईला देण्याआधी घरातल्या जाणत्या माणसासमोर पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत मोठ्याने वाचावी. आमच्या घरच्या मागच्या लग्नात नेमके हेच राहिले. यादीवरून लेबले छापली, चिकटवली, पाकिटे पोस्टात पडली, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका नातलगाच्या नावाने ‘सहकुटुंब सहपरिवार’ असे निमंत्रण त्यांच्याच पत्नीच्या हातात पोहोचले. हाताने लिहिताना त्या नावापाशी कोणाचे तरी पेन थांबले असते. छपाईत असे थांबणारे कोणी नसते, म्हणून ते थांबणे आपण आधीच करून घ्यावे लागते. यादी वाचावी, मोठ्याने वाचावी आणि आत्या, काकू, मामा यांना बसवून वाचावी. ज्यांना गावोगावच्या मयती आणि सोयरिकी तोंडपाठ असतात, तीच माणसे या कामाची. तरुण मुलांनी मोबाइलवर नजर फिरवून ‘बरोबर आहे’ म्हटले, तर ते वाचन धरू नये.

वाचताना फक्त वारलेल्यांची नावे खोडून भागत नाही. त्या घराचे निमंत्रण आता कोणाच्या नावाने जायचे, हेही त्याच बैठकीत ठरवावे. थोरल्या मुलाच्या नावाने पाठवले तर घरातल्या आईला वगळल्यासारखे होईल का, ‘श्रीमती’ लिहून तिच्याच नावाने पाठवावे का, हे त्या घराला ओळखणारा माणूसच सांगू शकतो. संगणकात ‘श्री. व सौ.’ हे शब्द पहिल्या ओळीत लिहून खालपर्यंत ओढून घेण्याची सवय असते; ती या यादीत अजिबात चालवू नये. एका स्त्रीच्या नावामागे चुकीचे ‘सौ.’ छापले जाणे ही शुद्धलेखनाची चूक नव्हे, तिच्या दुःखावर बोट ठेवणे आहे. वेगळे निघालेले भाऊ, लग्न होऊन गेलेल्या लेकी, बदली झालेले शिक्षक यांची दुरुस्ती याच वाचनात होऊन जाते.

पोस्टाच्या पत्त्यात मराठवाड्यापुरत्या काही खास अडचणी आहेत. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, चिंचोली या नावांची गावे जागोजागी आहेत, त्यामुळे तालुक्याशिवाय पत्ता लिहूच नये आणि खुर्द-बुद्रुक गाळू नये. ‘मु. पो.’ सरसकट जोडून लिहू नये. गावात पोस्ट असेल तरच ‘मु. पो.’ लिहावे, नसेल तर मुक्काम एका गावाचा आणि पोस्ट शेजारच्या गावाचे, असे वेगवेगळे लिहावे. आजोबांच्या वहीतले जिल्हेही तपासावेत. जालना 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हिंगोलीकडच्या गावांपुढे ‘जि. परभणी’ आणि लातूरकडच्या गावांपुढे ‘जि. उस्मानाबाद’ असे जुन्या वह्यांत अजून सापडते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव 2023 मध्ये झाले; पिनकोड मात्र तेच राहिले.

पिनकोडाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्याकडे 413 आणि 431 यांची अदलाबदल फार होते. लातूर शहर 413512 आणि धाराशिव 413501, तर छत्रपती संभाजीनगर 431001, परभणी 431401 आणि नांदेड 431601. टपालाचे वर्गीकरण पहिल्या तीन अंकांवर होते आणि सोलापूरचे पिनकोडही 413 नेच सुरू होतात. म्हणजे नांदेडच्या पाकिटावर दोन अंक उलटे पडले तर ते भलत्याच वाटेला लागू शकते. छापलेल्या यादीत अशी चूक एकदा शिरली की त्या गावच्या सगळ्या पाकिटांवर उतरते. प्रत्येकाचा पिनकोड त्याच्याकडूनच मागवून घ्यावा, आणि तो आवाजी निरोपाने न मागता लिहून मागवावा.

छपाई करायची असेल तर ए४ आकाराच्या एका कागदावर 24 लेबले बसणारे स्टिकरचे कागद बाजारात मिळतात, तेच घ्यावेत. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून ती स्टिकरच्या कागदाखाली धरून उजेडात पाहावी, म्हणजे शेवटच्या ओळीतली अक्षरे कापली जात आहेत का ते कळते. डीटीपीवाल्याकडे मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये नेला आणि त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर नावांच्या जागी अर्थहीन चिन्हे उमटतात. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकून न्यावा आणि सोबत छापील प्रतही ठेवावी. शाईच्या प्रिंटरवर काढलेले लेबल ओल्या बोटाने पसरते. लेझर प्रिंटरवर काढावे. आणि लेबले छापायला देण्याच्या आदल्या रात्री यादी पुन्हा एकदा वाचावी, कारण पहिल्या वाचनापासून त्या दिवसापर्यंतही घरोघरी काय काय घडलेले असते.

हाताने लिहायचे असेल तर पाकिटे निवडतानाच तसा विचार करावा, पत्रिका छापून आल्यावर करू नये. चकचकीत पाकिटावर बॉलपेन उठत नाही आणि जेलपेन वाळायच्या आत पुसले जाते. मरून किंवा गडद निळ्या पाकिटावर काळी शाई दिसतच नाही. सोनेरी पेन दिसते सुंदर, पण सायंकाळी पत्रिका वाटायला निघालेल्या माणसाला त्यातले नाव वाचता येत नाही. अशा पाकिटावर नावापुरती फिकी जागा छापखान्यातूनच सोडून घ्यावी. पेन आधी एका वाया गेलेल्या पाकिटावर लिहून, मिनिटभराने अंगठा फिरवून पाहावे. सगळी पाकिटे एकाच्याच हाताने लिहून घेऊ नयेत. थकलेला हात शेवटी शेवटी नुसते आडनाव लिहू लागतो, आणि एका आडनावाच्या गावात त्या पाकिटाचा काही उपयोग होत नाही. वडिलांचे नाव घातलेच पाहिजे. लिहिणाऱ्याशेजारी नावे सांगणारा माणूस बसवावा, आणि तो यादीच्या वाचनाला हजर असलेलाच असावा. लिहून झालेल्या पाकिटांना हळद-कुंकवाची बोटे मागाहून लावावीत, तीही नावापासून दूर, कोपऱ्यात.

कुलदैवताची पत्रिका तुळजापूरला, माहूरला, अंबाजोगाईला, जिथे जायची तिथे पहिली जाते. तिच्यावर पत्ता लागत नाही, देवीचे नाव हाताने लिहावे.

पोस्टाच्या पाकिटांत अक्षता सुट्या घालू नयेत, शिक्का मारताना पाकीट फाटते. सगळे आत घालून बंद केलेले एक पाकीट खिडकीवर नेऊन वजन करून घ्यावे आणि सगळ्यांना तेवढीच तिकिटे लावावीत. तिकिटे कमी पडली तर पाकीट नॉट पेड ठरते आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पाहुण्याला भरावे लागतात. मागे आपला पत्ता आणि मोबाइल क्रमांक हवा. लग्नाला महिना असताना पोस्टाची, पंधरा दिवस असताना हातातली. वाटणाऱ्यांना गावनिहाय गठ्ठे करून द्यावेत आणि प्रत्येक गठ्ठ्यावर त्यातल्या नावांची चिठ्ठी लावावी. त्या चिठ्ठीवरून ज्याने यादी वाचली आहे त्यानेच शेवटची नजर फिरवावी. वीस-पंचवीस कोरी पाकिटे आणि तेच पेन पत्रिका वाटणाऱ्याच्या पिशवीत असू द्यावे, राहिलेली नावे गावात गेल्यावरच आठवतात.