पॅकेजचाही लॉट नंबर जपून ठेवा

सोयाबीनचं बियाणं घेतलं की नुसतं 'एमएयूएस ७१' हे वाणाचं नाव ध्यानात ठेवून भागत नाही. उगवण झाली नाही तर पावती आणि टॅगवरचा लॉट नंबरच कामाला येतो. एनपीएम हे जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजेस बसवणारं साधन. त्याच्या प्रोजेक्टमध्ये 'पॅकेज डॉट जेसन' म्हणजे वाण आणि 'पॅकेज-लॉक डॉट जेसन' (लॉक फाइल) म्हणजे लॉट नंबर: पहिलीत चालणाऱ्या आवृत्त्यांची हद्द, दुसरीत बसलेली नेमकी आवृत्ती. लातूरच्या लॅपटॉपवर चालणारा कोड संभाजीनगरच्या सर्व्हरवर पडला, तर ही दुसरी फाइल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) आहे का ते आधी बघा.

पॅकेज डॉट जेसनमध्ये एखाद्या पॅकेजची आवृत्ती ^४.१८.२ अशी लिहिली असेल तर त्यात ४.१८.२ पासून ५.०.० च्या आतलं काहीही चालतं. ~४.१८.२ ची हद्द ४.१९.० च्या अलीकडे संपते. आवृत्ती शून्याने सुरू होत असेल तर ^ सुद्धा कडक होतं: ^०.३.१ हे ०.४.० पर्यंत जात नाही. लॉक फाइल नसली की एनपीएम त्या हद्दीतली नवी आवृत्ती उचलतं. आज आणि महिन्याने केलेलं इन्स्टॉल म्हणूनच वेगळं निघतं.

लॉक फाइल कमिट करा (गिटमध्ये नोंदवा), पॅकेजेस बसतात ते 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर गिटइग्नोरमध्ये घाला, म्हणजे गिट ते सोडून देतं. 'एनपीएम इन्स्टॉल' फक्त पॅकेज नव्याने घेताना किंवा बदलताना वापरा. प्रोजेक्ट क्लोन केल्यावर (गिटमधून उतरवून घेतल्यावर) आणि सर्व्हरवर 'एनपीएम सीआय' चालवा. ते जुनं नोड मॉड्यूल्स पुसून लॉकप्रमाणेच सगळं बसवतं, आणि दोन फाइलींचा मेळ नसेल तर एरर देऊन थांबतं. हे थांबणंच आपल्याला हवं असतं. लॉक फाइलमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांवर आदळले, तर ती हाताने जुळवत बसू नका. आधी पॅकेज डॉट जेसन नीट करा, मग 'एनपीएम इन्स्टॉल' चालवा.

तालुक्याच्या गावी किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये नेट भरवशाचं नसतं. तिथे तीस मशीनवर तीसदा डाउनलोड करू नका. चांगलं नेट असलेल्या एका मशीनवर 'एनपीएम सीआय' ला 'डॅश डॅश कॅश' (कॅश म्हणजे डाउनलोड केलेल्या पॅकेजेसचा साठा) लावून रिकाम्या फोल्डरचा पत्ता द्या. ते फोल्डर पेन ड्राइव्हवर न्या आणि बाकीच्या मशीनवर 'एनपीएम सीआय' ला तोच कॅशचा पर्याय 'डॅश डॅश ऑफलाइन' सोबत द्या. कॅश भरणारं मशीन त्याच ऑपरेटिंग सिस्टिमचं असू द्या, कारण काही पॅकेजेस विंडोज आणि लिनक्ससाठी वेगवेगळ्या बायनरी (थेट चालणाऱ्या तयार फाइली) घेतात. पपेटिअरसारखी (कोडमधून ब्राउझर चालवणारी) पॅकेजेस इन्स्टॉल होताना ब्राउझर वेगळा डाउनलोड करतात. तो या कॅशमध्ये येत नाही, त्याची सोय स्वतंत्र करावी लागते.

मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याची कामं) पडले. अनेकांनी ते स्वतः घेतलेलंच नव्हतं, दुसऱ्या पॅकेजमागून आलं होतं. अनोळखी नाव दिसलं की 'एनपीएम एक्सप्लेन' आणि पुढे पॅकेजचं नाव लिहा. ते कोणाच्या मागून आलं हे कळतं.

अपडेट एका वेळी एकाच पॅकेजचं करा, टेस्ट चालवा, कमिट करा. काय मागे राहिलंय ते 'एनपीएम आउटडेटेड' सांगतं, सुरक्षेच्या त्रुटी 'एनपीएम ऑडिट'. मात्र 'ऑडिट फिक्स' ला 'फोर्स' जोडू नका: ते पॅकेज डॉट जेसनमधली हद्द ओलांडून मोठी आवृत्तीही बदलतं, आणि आदल्या दिवशी चालणारा कोड तिथेच मोडतो.