थंडीत अंग उलतंय? मग अंग ओलं असतानाच क्रीम लावा
नखाने पायावर रेघ ओढली की खडूसारखी पांढरी उमटते ना, तेव्हा महागडं लोशन आणायच्या आधी एवढं करा, आंघोळ कोमट पाण्याने पटकन उरका, टॉवेलने खसाखसा न पुसता नुसतं टिपा आणि अंग दमट असतानाच 3 मिनिटांत क्रीम लावा, म्हणजे तो ओलावा आतच अडतो. घेताना मागे ग्लिसरीन, सेरामाइड, पेट्रोलॅटम लिहिलंय का बघा, सुगंधी नकोच. टाचांना रात्री युरियावालं क्रीम लावून सुती मोजे घाला, आईच्या टाचा त्यानेच मऊ झाल्या. पण भेगेतून रक्त येत असेल तर युरिया फार झोंबतो, तिथे साधी पेट्रोलियम जेलीच बरी, आणि डायबेटिस असेल तर डॉक्टरांना दाखवाच.