#एन/ए आला की आधी सूत्र नको, सेल तपासा

एक्सेलमध्ये एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधणाऱ्या व्हीलुकअप सूत्राने #एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’, दाखवला की बरेच जण सूत्र खोडून पुन्हा लिहायला बसतात. मी हजेरी आणि पगाराच्या याद्या रोज एकमेकींशी जुळवते. सूत्र बहुतेक वेळा बरोबरच असतं, खोट डेटात असते.

समजा, ए२ मधला क्रमांक दुसऱ्या यादीत डी५७ मध्ये डोळ्यांना स्वच्छ दिसतोय. एका रिकाम्या सेलमध्ये =ए२=डी५७ लिहा. फॉल्स आलं, तर एक्सेलच्या लेखी ते दोन वेगळे आहेत. मग दोन्हींवर लेन, म्हणजे अक्षरं मोजणारं सूत्र, चालवा. माझ्याकडे १०४५ या क्रमांकाची लांबी एकीकडे ४ आली, दुसरीकडे ५. शेवटी स्पेस चिकटलेली. जादा स्पेस काढणारं ट्रिम लावलं, तरी ५ च! डेटा वेबपेजवरून कॉपी केलेला होता आणि तिथून येणाऱ्या स्पेसचा कोड बरेचदा १६० असतो. ट्रिम काढतं ती साधी, कोड ३२ ची. मग त्या १६० कोडच्या जागी काहीच न ठेवणारं =सबस्टिट्यूट(डी५७,कॅर(१६०),"") लिहिलं, लांबी ४ झाली, आणि तरीही #एन/ए! कारण सबस्टिट्यूट नेहमी टेक्स्ट देतं आणि ए२ मध्ये आकडा होता. सगळ्याला बाहेरून टेक्स्टचा आकडा करणारं व्हॅल्यू(...) लावलं, तेव्हा कुठे जुळलं.

लांबी सारखी असूनही फॉल्स येत असेल, तर सेलमध्ये आकडा आहे का ते सांगणारं इझनंबर लावून बघा. एकीकडे ट्रू, दुसरीकडे फॉल्स म्हणजे एक आकडा, एक टेक्स्ट. अख्खा कॉलम टेक्स्ट असेल, तर तो निवडून डेटा मेनूतल्या टेक्स्ट टू कॉलम्समध्ये जा आणि थेट फिनिश दाबा.

वरच्या ओळी बरोबर आणि खाली ओढल्यावर #एन/ए? रेंज खाली सरकलीय. सूत्रात पूर्ण रेंज निवडून एफ४ दाबा, डॉलर लागतील आणि रेंज जागची हलणार नाही. #रेफ! आला, तर कॉलमचा क्रमांक तपासा. तो शीटच्या नव्हे, रेंजच्या पहिल्या कॉलमपासून मोजायचा. #नेम? म्हणजे स्पेलिंग चुकलंय, किंवा एक्सेल २०१६ वा २०१९ मध्ये एक्सलुकअप (व्हीलुकअपचा नवा पर्याय) लिहिलंय, जे तिथे नाही.

मला खरी धास्ती वाटते ती एररच न येण्याची. सूत्राचा चौथा भाग, म्हणजे जुळणी कशी हवी ते, न लिहिता कंस बंद केलात, तर व्हीलुकअप जवळपासची जुळणी शोधतं. चढत्या क्रमाच्या यादीत १०४५ नसेल, तर १०४४ ची रक्कम देऊन मोकळं होतं. कुणाच्या तरी पगारात दुसऱ्याचा आकडा जातो आणि शीटवर एकही लाल खूण दिसत नाही. म्हणून तंतोतंत जुळणीसाठी शेवटी ०, न विसरता.

कुठलीही एरर झाकणाऱ्या इफएररचं पांघरूण घालायची घाई करू नका. कारण सापडल्यावर, खरोखर यादीत नसलेल्या नावांपुरतं, फक्त #एन/ए झाकणारं इफएनए लावा. बाकीच्या चुका मग उघड्या दिसत राहतात.